शहरी कंपोस्ट : भातखाचरात टाकण्यापूर्वी काय तपासावे?

गोठ्यातील जनावरे कमी झाली की शेणखत पुरत नाही. मग मार्गासनीसारख्या भातपट्ट्यात पुणे शहराकडून येणारे कचऱ्याचे खत स्वस्त वाटते. ट्रॉलीतले सगळेच खत काळे दिसते. पण ते कोणत्या प्रक्रियेतून आले, हे आधी विचारा.

प्रक्रियेनुसार फरक

- ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट : वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे ढीग लावून ते वेळोवेळी उलटतात. आतील तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअस होते, रोगजंतू व तणाचे बी मरते. कुजून चाळलेले असे खत शेतीला योग्य.
- डेपोची माती : उरुळी देवाची-फुरसुंगीसारख्या जुन्या डेपोंत वर्षानुवर्षे मिश्र कचरा साचला. असे ढिगारे उपसून चाळलेली माती भुसभुशीत दिसते. पण तिच्यात जड धातू असू शकतात. खाण्याच्या पिकाला वापरू नये.
- मिश्र कचरा : यात काच, सुया, बॅटरी सेल असतात. आपल्याकडे लावणी अनवाणी पायांनी, चिखलात हात घालून होते. हा कचरा खाचरात नकोच.

गोणीवर काय पाहावे?

खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये नत्र किमान ०.८ टक्के, स्फुरद ०.४ टक्के, पालाश ०.४ टक्के व सेंद्रिय कर्ब १२ टक्के हवा. शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. राज्यातील शहरांचे प्रमाणित खत 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने विकले जाते. सुटे खत असल्यास प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागा.

घरची परीक्षा

मूठभर ओलसर खत प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर उग्र वास आला तर खत कच्चे आहे. कच्चे खत कुजताना जमिनीतील नत्र वापरते. रोपे पिवळी पडतात.

मात्रा व वापर

- एकरी २ टन खत शेवटच्या नांगरटीवेळी, चिखलणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळावे.
- त्यातून किमान १६ किलो नत्र मिळते, तेही हळूहळू. सुधारित भाताची शिफारस एकरी ४० किलोची आहे. म्हणून युरिया एकदम बंद करू नये. माती परीक्षणानुसार मात्रा ठरवावी. या खताचा खरा फायदा सेंद्रिय कर्बाचा आहे.
- ढीग उतारावर उघडा ठेवू नये. पहिल्याच जोराच्या पावसात खत ओढ्यात वाहून जाते.

शंका असेल तर ट्रॉली परत पाठवा. शिसे, कॅडमियम एकदा खाचरात गेले, की ते बाहेर काढण्याचा परवडणारा उपाय शेतकऱ्याच्या हाती नाही.