उजवी बाजू उसनी असते

गटाच्या बैठकीत आपण उसनवारीचा हिशेब चोख ठेवतो. आज रस्त्यावरच्या उसनवारीबद्दल बोलू.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली, अवघ्या २७ गाड्यांवर. रस्त्यावर तेव्हा बैलगाड्याच जास्त. मोटारी वाढल्या तसे नियम लागले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर १९८९ मध्ये रस्त्याचे नियम आले: गाडी डाव्या बाजूनं चालवायची आणि पुढची गाडी उजवीकडून ओलांडायची. वळणावर, चढावर, समोरचं दिसत नसेल तिथं ओलांडायचं नाही. मागचा ओलांडत असेल तर आपण वेग वाढवायचा नाही.

मग मोठे रस्ते आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. तिथं एका दिशेला तीन मार्गिका आहेत. डावी अवजड वाहनांची, मधली कारची आणि उजवी फक्त ओलांडण्यासाठी. नागपूर ते मुंबईजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जालन्याहून आपणही त्यावर जातो. तिथंही उजवी मार्गिका ओलांडण्यासाठीच. पण कित्येक चालक तिथंच ठाण मांडतात. मग मागचा डावीकडून घुसतो, आणि तिथंच घात होतो.

आपल्या ताडकळसच्या रस्त्यावर तर उजवी बाजू समोरून येणाऱ्याचीच. गेल्या उसाच्या हंगामात आम्ही पाच जणी बैठकीहून जीपनं परतत होतो. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर होता. चालकानं वळणावरच जीप उजवीकडं काढली, तेवढ्यात समोर ट्रकचे दिवे दिसले. "दादा, मागं घ्या!" आमच्यातली एक ओरडली. त्यानं ब्रेक दाबून जीप परत ट्रॅक्टरमागं घेतली, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे. पाच मिनिटं वाचवायला गेलो आणि पाच घरं उघडी पडणार होती.

तेव्हापासून आमच्या गटानं ठरवलंय: जीपमध्ये बसताना चालकाला आधीच सांगायचं, "वळणावर ओलांडू नका, आम्हाला घाई नाही." घरात मोटारसायकल चालवणाऱ्या लेकाला, धन्याला, आणि स्कूटी शिकणाऱ्या लेकीलाही हेच सांगा. उजवी बाजू उसनी असते. समोरचं स्वच्छ दिसलं तरच घ्यायची, आणि काम झालं की लगेच परत करायची.