रामोनाच्या लग्नाचे घर

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन डिएगो शहराच्या जुन्या भागात, ‘कासा दे एस्तुदियो’ हे कच्च्या विटांचे प्रसिद्ध घर आहे. माती, पाणी व गवत कालवून साच्यात पाडलेल्या या विटा उन्हात वाळवतात, भाजत नाहीत. म्हणूनच छप्पर गळू लागले की भिंतीची पुन्हा माती होते.

मेक्सिकोच्या राजवटीत, १८२७ च्या सुमारास, लष्करी अधिकारी होजे मारिया एस्तुदियो यांनी हे घर बांधावयास घेतले. अंगणाच्या तीन बाजूंना खोल्या, अशी त्याची रचना आहे. १८८७ साली कुटुंबाने घर सोडले आणि पडझड सुरू झाली.

तत्पूर्वी १८८४ साली हेलन हंट जॅक्सन यांची ‘रामोना’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तीत फादर गास्पारा हे रामोना व आदिवासी तरुण अलेस्सांद्रो यांचा विवाह सॅन डिएगोत लावतात. तो याच घरात झाला, अशी वदंता पसरली. वस्तुतः वधूवर काल्पनिक आहेत आणि कादंबरीतील विवाहविधीही चॅपेलमध्ये होतो!

या वदंतेमुळेच पर्यटक येत राहिले. १९०६ मध्ये उद्योगपती जॉन स्प्रेकल्स यांनी घर विकत घेतले. वास्तुरचनाकार हेझल वॉटरमन यांच्या देखरेखीखाली १९१० पर्यंत जीर्णोद्धार झाला. १९६८ पासून ते राज्य शासनाकडे आहे.

दंतकथेने घर तारले, हे आम्ही मान्य करतो. परंतु लेखिकेला आदिवासींवरील अन्यायाला वाचा फोडायची होती. लोकांनी प्रेमकथा लक्षात ठेवली, अन्याय मात्र विसरले. जुन्या वास्तूंच्या आख्यायिका आपण जरूर जपाव्यात. पण त्यांच्याआड सत्य झाकले जाऊ नये.