ड्युरॅल्युमिनमधील तांबे: बळाचे कारण, क्षरणाचेही

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची स्थापना केली. कोल्हापूर परिसरात जन्मलेले डॉ. व्ही. एम. घाटगे यांनी याच कारखान्यात ‘एचटी-२’ या संपूर्ण धातूच्या प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम आकाशात झेपावले. अशी विमाने शक्य झाली ती अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंमुळे. मात्र त्या मिश्रधातूंचे बळ आणि त्यांचे क्षरण एकाच मुळातून येतात, हे उमगण्यास दोन दशके लागली होती.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असते; परंतु हवेत त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर जमतो आणि धातूचे रक्षण करतो. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी त्यात सुमारे ४ टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम मिसळले. तापवून पाण्यात झटकन थंड केलेला हा धातू काही दिवसांत आपोआप कठीण झाला. हेच ड्युरॅल्युमिन. तांब्याचे अणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंज बनवतात, असा क्ष-किरणांचा पुरावा गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे दिला. धातूतील सरकण्याची क्रिया हे पुंज रोखतात.

हेच तांबे घातकही ठरते. धातू सावकाश थंड झाला, तर तांबेयुक्त कण स्फटिकांच्या सीमांवर साचतात आणि लगतच्या पट्ट्यात तांबे उरत नाही. खारट ओलाव्यात कण व पट्टा यांचा विद्युतघट तयार होतो आणि तांबेरहित पट्टा विरघळतो. पत्रा वरून धड दिसतो, आतून मात्र ठिसूळ होतो. अमेरिकेतील हेन्री रॉडन यांच्या १९२०च्या दशकातील चाचण्यांत गरम पाण्यात विझवलेला पत्रा थंड पाण्यात विझवलेल्यापेक्षा लवकर खचला. रासायनिक घटक तेच होते; फरक थंड होण्याच्या वेगाचा होता.

मॅग्नेशियमयुक्त कणांची तऱ्हा निराळी. त्यांतील मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम आधी विरघळतात. उरलेला तांब्याचा सांगाडा मग भोवतालच्या धातूला खाऊ लागतो आणि खड्डा पडतो.

१९२७ मध्ये एडगर डिक्स यांनी यावर ‘अ‍ॅल्क्लॅड’ हा उपाय मांडला. ड्युरॅल्युमिनच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवला जातो. ओरखडा गेला तरी हा थर स्वतः झिजून गाभ्याला वाचवतो.

पुढे आलेल्या जस्तयुक्त ‘७०७५’ या अधिक बळकट मिश्रधातूत ताणाखाली तडे जाऊ लागले. तो अधिक काळ तापवून सुमारे १० ते १५ टक्के बळ सोडले की तडे आवरतात. म्हणूनच विमानाच्या पत्र्यावर मिश्रधातूच्या क्रमांकाबरोबर ‘टी६’ किंवा ‘टी७३’ अशी खूणही असते. क्रमांक घटक सांगतो. खूण त्या धातूवर कोणते उष्णतासंस्कार झाले ते सांगते. दोन्ही कळल्याशिवाय तो किती टिकेल, याचा अंदाज बांधता येत नाही.