बेचाळीस शिखरांची फेरी



इंग्लंडच्या वायव्य टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीजवळ, कंब्रिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तळी पुष्कळ, म्हणून त्यातल्या मोठ्या भागाला सरोवरांचा प्रदेश म्हणतात. आपल्या सह्याद्रीपुढे हे डोंगर ठेंगणेच. तिथले सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक 3,209 फूट, तर आपली कळसूबाई 5,400 फूट. पण धुके, पाऊस, निसरडे गवत आणि पायाखाली सरकणारे धोंडे यांमुळे भल्याभल्यांची तिथे दमछाक होते. या डोंगरांत एक मोठी धाव धावतात. तिला रोख बक्षीस नाही, प्रेक्षक नाहीत, ठरलेला दिवसही नाही. मग ती टिकली कशी? तीच हकीगत आज सांगायची आहे.

मुळात हे डोंगर मेंढपाळांचे. हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या वर मोकळ्या चरतात. मध्ये कुंपण नसते. आई जिथे चरते तिथेच कोकरू चरायला शिकते, आणि कळप पिढ्यान्‌पिढ्या आपली हद्द ओळखून राहतो. तरी एखादी मेंढी चुकतेच. म्हणून मेंढपाळांचे मेळावे भरत. कानाची खाच आणि लोकरीवरचा रंग पाहून ज्याची मेंढी त्याच्या हवाली करीत. काम उरकले की कुस्त्या होत, आणि समोरच्या टेकडीला शिवून परत येण्याची पैज लागे. मेंढ्या वळवता वळवता जे धावणे अंगात मुरले, त्याचीच अशी शर्यत झाली.

ही झाली लहान धाव. मोठ्या धावेशी बॉब ग्रॅहॅम यांचे नाव जोडलेले आहे. केझिक गावात पाहुण्यांना उतरायला त्यांचे घर होते. जून 1932 मध्ये ते गावातून निघाले, 42 शिखरे चढले-उतरले आणि 23 तास 39 मिनिटांत परत गावात आले. पायांत साधे टेनिसचे बूट, शिदोरीला पाव-लोणी, उकडलेली अंडी आणि फळे. अंतर सुमारे 66 मैल, म्हणजे पुण्याहून जवळजवळ सातारा. चढ सगळा मिळून 27,000 फूट. समुद्रकाठावरून कळसूबाईचा माथा पाच वेळा गाठावा, इतका हा चढ! पुढे 28 वर्षे हे कोणाला साधले नाही. 1960 साली अॅलन हीटन यांनी ते केले. 1971 साली ही फेरी पुरी करणाऱ्यांचे मंडळ निघाले. 1977 साली जीन डॉज या पहिल्या स्त्रीने 24 तासांच्या आत फेरी पुरी केली.

या मंडळाचा नियम ऐकण्यासारखा आहे. फेरी 24 तासांत झाली पाहिजे, आणि प्रत्येक शिखरावर धावणाऱ्याबरोबर एक साक्षीदार हवा. आता मध्यरात्री, भर पावसात, डोंगरावर साक्षीला कोण येणार? येतात ते मित्र आणि शेजारी. ते आळीपाळीने बरोबर धावतात, पाणी-भाकर वाहतात, अंधारात वाट दाखवतात. ग्रॅहॅम यांच्याबरोबरही चार सोबती असेच आळीपाळीने होते. आज ज्याला सोबत मिळाली, तो उद्या दुसऱ्याची शिदोरी पाठीवर घेतो. आपल्याकडे इर्जिकीला शेजारी आपले बैल घेऊन येतो, आणि त्याच्या वेळी आपण जातो. तसाच हा व्यवहार आहे.

या मुलखाचा सर्वांत नावाजलेला धावपटू जॉस नेलर हा जातिवंत मेंढपाळ. जन्म 1936 चा, वॉसडेल खोऱ्यातला. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. पाठ लहानपणीच दुखावली होती, आणि तरुणपणी मणक्याची शस्त्रक्रिया झाली. हा पुढे धावेल असे कोणाला वाटले असते? 1960 साली तो शेतातले जड बूट घालूनच पहिल्या शर्यतीत उतरला. 1975 साली, वयाच्या 39 व्या वर्षी, त्याने 24 तासांच्या आत 72 शिखरे केली. साठाव्या वर्षी साठ आणि सत्तराव्या वर्षी सत्तर शिखरे तो धावला. 2024 साली, 88 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. शेतीभाती आणि मेंढरे सांभाळून त्याने हे सारे केले.

2001 साली मात्र या मुलखावर मोठे संकट आले. लाळ्या-खुरकताची साथ पसरली. कळपच्या कळप मारून जाळावे लागले. डोंगर लोकांना बंद झाले, आणि शर्यती रद्द कराव्या लागल्या. नवी मेंढरे विकत मिळतात हो, पण डोंगराची हद्द ओळखणारा कळप बाजारात मिळत नाही. आपण ज्या वाटेने धावतो ती मेंढपाळाच्या कष्टाने मोकळी राहिली आहे, हे त्या वर्षी धावणाऱ्यांच्याही ध्यानी आले.

आपल्या गावांनाही डोंगर आहेत, आणि रोज तो चढणारी मुले आहेत. गुरुजी, एखाद्या रविवारी शाळेची धाव तिकडे न्या. गुरे राखणाऱ्या पोराला वाटाड्या करा, आणि प्रत्येक टेकडीवर साक्षीला एकेक मूल उभे करा. पाय कोणाचे चांगले आणि सोबत कोणाची चांगली, दोन्हीची नोंद वहीत ठेवा.