चाकं खाली आहेत ना? घरच्या सिम्युलेटरवर कोणतं विमान शिकायचं

शिंदखेड्यात सकाळी गच्चीवर चहा घेऊन उभं राहिलं की कधीकधी लांबून छोट्या विमानाची घरघर ऐकू येते. तापीच्या पलीकडे शिरपूरला धावपट्टी आहे, तिथे पायलट घडवणारी संस्था आहे. आणि 1928 साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आपल्या धुळ्याजवळ गोंदूरलाही चालतं. त्यामुळे आपल्याकडच्या पोरांना विमान म्हणजे काही परग्रहावरची गोष्ट वाटत नाही.

माझ्या मामांच्या मुलाची बारावी झाली. त्याला कमर्शियल पायलट व्हायचंय. त्या लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च जातो अर्ध्या कोटीच्या घरात. मामा शेत तारण ठेवायचं बोलतात. तोवर हा गडी घरी कॉम्प्युटरवर जॉयस्टिक लावून सराव करतो. मागच्या रविवारी त्याने माझ्यासमोर विमान चाकं न काढताच पोटावर उतरवलं. हसला, रीस्टार्ट दाबलं, आणि मला म्हणाला, "दादा, आता कोनतं इमान लेऊ?"

ते हसू मला खटकलं. म्हणून आजचा एपिसोड त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी एक शब्द समजून घेऊ: 'कॉम्प्लेक्स' विमान. याचा अर्थ वेगवान किंवा महागडं असा नाही. अमेरिकन व्याख्येप्रमाणे जमिनीवरच्या विमानात तीन गोष्टी हव्यात: आत घेता येणारी चाकं, फ्लॅप्स, आणि ज्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो असा प्रोपेलर. हा प्रोपेलर म्हणजे साधारण बाइकचे गिअर समजा. टेकऑफला एक कोन लागतो, उंचावर निवांत जाताना दुसरा. म्हणजे पायलटच्या हाताला दोन कामं जास्त, आणि विसरायच्या जागाही दोन जास्त.

हे विसरणं फार जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची, आणि जमिनीवर आल्यावर पायलट फ्लॅप्सऐवजी चाकांचंच बटण दाबायचे. विमान धाडकन पोटावर! सगळे म्हणाले, पायलटची चूक. अल्फॉन्स शपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं तर दोन्ही बटणं सारखीच आणि शेजारी शेजारी. त्याने चाकांच्या बटणाला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या बटणाला पाचरीचा आकार दिला. हाताला न बघताच कळायला लागलं. आज कुठल्याही विमानात चाकांच्या दांडीचं टोक गोल दिसतं, त्याची मुळं इथे आहेत.

तरी धडा पूर्ण गिरवला गेला नाही. 1947 पासून विकलं जाणारं बीचक्राफ्ट बोनान्झा हे देखणं विमान. पण त्याच्या जुन्या मॉडेलमध्ये चाकं आणि फ्लॅप्स यांची बटणं बहुतेक विमानांच्या उलट बाजूंना होती. 1980 साली अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने यावर खास अहवाल काढला: जमिनीवर चुकून चाकं आत घेण्याच्या अपघातांमागे रचनेचाही दोष आहे. पुढे बीचने जागा बदलल्या.

पायपर कंपनीने वेगळा उपाय केला. 1967 च्या पायपर ॲरोमध्ये अशी यंत्रणा होती की वेग आणि पॉवर कमी झाली की चाकं आपोआप खाली यायची. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे वाचून आधी टाळ्या वाजवाव्या वाटल्या. पण इंजिन बंद पडलं तर? तेव्हा तरंगत लांबवर जायचं असतं, आणि हे यंत्र नको तेव्हा चाकं सोडून विमान खाली ओढतं. शेवटी कंपनीनेच ती यंत्रणा बंद करायला सांगितलं. ऑटोमेशनने विसरण्याची जागा बदलते, विसरणं जात नाही.

आता घरच्या सिम्युलेटरकडे येऊ. 1929 साली एडविन लिंकने वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात, बाजाच्या भात्यांवर हलणारं पहिलं ट्रेनर बनवलं. लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटायचं. 1934 मध्ये अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहायचं काम आलं, खराब हवामानात पायलट मेले, तेव्हा लष्कराने सहा ट्रेनर विकत घेतले. खेळणं आणि शाळा यांतला फरक यंत्रात नव्हता, वापरणाऱ्याच्या गांभीर्यात होता.

मग निवडायचं काय? गोंदियाच्या संस्थेत मुलं डायमंड डीए40 वर शिकतात आणि मग दोन इंजिनांच्या डीए42 वर जातात. डीए42 ची चाकं आत जातात, पण प्रोपेलरचं काम कॉम्प्युटर करतो, प्रत्येक इंजिनाला एकच दांडी. सिम्युलेटरमधलं डीए62 त्याचंच मोठं भावंडं. उडवायला मस्त, पण प्रोपेलरची दांडी शिकायची असेल तर तिथे ती नाहीच.

म्हणून माझा क्रम असा. आधी सेसना 172 वर उतरणं पक्कं करा. मग ॲरो किंवा बोनान्झा घ्या, जिथे थ्रॉटल, प्रोपेलर आणि मिक्स्चर वेगवेगळे हाताळावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरमध्ये बोनान्झा जी36 आयतंच मिळतं. पॉवर वाढवताना आधी प्रोपेलर, मग थ्रॉटल; कमी करताना उलट. हे बोटांत भिनलं की दोन इंजिनांचं बॅरन.

आणि दोन सवयी. चाकांसाठी कीबोर्डचं बटण नको, जॉयस्टिकवर एक वेगळं बटण ठेवा आणि ते दुसऱ्या कशालाच वापरू नका. आणि पोटावर उतरलात तर लगेच रीस्टार्ट नको. वहीत लिहा: कुठे होतो, काय करत होतो, कशात लक्ष गेलं.

घरचा एक तासही लॉगबुकात धरला जात नाही. सवय मात्र सोबत जाते, चांगली असो की वाईट. खऱ्या विमानात वाईट सवय मोडायला जे तास जातील, त्यांचे पैसे मामांच्या शेतातून येणार आहेत.

भावाने आता मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय, आपल्या अहिराणीत: "चाकं खाले शेतस का?" उतरताना तो ते मोठ्याने वाचतो. परवा मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "शेतस, शेतस, उतर आता जेवाले!"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.