लाल, पांढऱ्या, हिरव्या थरांची कुळकथा

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या भागांत नाताळच्या जेवणाला टर्की किंवा हॅम असतं, कुस्करलेले बटाटे असतात आणि त्यांच्याच ओळीत, गोडाच्या टेबलावर नव्हे, काचेच्या चौकोनी भांड्यात तीन थरांची जेली असते. खाली हिरवी, मध्ये पांढरी, वर लाल. हिरवा थर लाइमच्या स्वादाचा. पांढऱ्यात क्रीम चीज आणि डब्यातला बारीक केलेला अननस. लाल थर रास्पबेरीचा किंवा चेरीचा. त्यात संत्र्याबरोबर भरडलेली क्रॅनबेरी, कधी अक्रोड, कधी सेलरीचे बारीक तुकडे. तिच्या वड्या कापून लेट्यूसच्या पानावर ठेवतात आणि टर्कीबरोबरच खातात. तिला सॅलड म्हणतात. दक्षिणेकडच्या राज्यांत हिलाच ‘कंजील्ड सॅलड’ हे नाव आहे.

या पदार्थाची खुद्द अमेरिकेत फार टिंगल होते. जुन्या पाककृतींच्या पुस्तकांतले, जेलीत अडकवलेल्या ट्यूना माशांचे आणि ऑलिव्हचे फोटो दाखवून हसणं सोपं आहे. मला मात्र या तीन थरांत राजवाड्यातला दिमाख शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचल्याचा इतिहास दिसतो, आणि तो तिथवर आणणाऱ्यांत बायका पुढे होत्या.

पाया सूप करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी ते घट्ट होऊन थरथरतं, हे पाया खाणाऱ्या घरांत सर्वांना माहीत आहे. हाडं, कातडी, कूर्चा यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्यात बराच वेळ शिजलं की त्याचे पीळ उलगडतात आणि जिलेटिन तयार होतं. गार झालं की हे धागे पुन्हा एकमेकांत अडकतात आणि सगळं पाणी त्या जाळ्यात धरून ठेवतात. युरोपातल्या सरदार-दरकदारांच्या मुदपाकखान्यांत चौदाव्या शतकापासून हे तंत्र वापरात होतं. वासराचे पाय उकळायचे, हरणाच्या शिंगांचा कीस उकळायचा, किंवा स्टर्जन माशाच्या पोटातली वायुपिशवी वाळवून वापरायची. घोळ माशाच्या पोटातली जी पिशवी पालघर-सातपाटीकडे सोन्याच्या मोलाने विकली जाते, तीही याच जातीची. मग तो रस गाळायचा, वरची चरबी खरवडायची, अंड्याचा पांढरा बलक घालून पुन्हा उकळायचा म्हणजे गाळ बलकाला चिकटून वर येतो, आणि फ्लॅनेलच्या पिशवीतून परत गाळायचा. एवढं केल्यावर तो काचेसारखा स्वच्छ होई. मग त्यात वाइन, लिंबू, साखर, केशर. लाकूडफाटा, नोकर, साखर आणि थंड तळघर हे सगळं ज्याच्याकडे आहे त्यालाच असली जेली पाहुण्यांपुढे मांडता येई. साच्यातून काढलेली, दिव्याच्या उजेडात चमकणारी जेली म्हणजे यजमानाच्या ऐपतीचा पुरावाच.

थरांची जेलीही तेव्हाचीच. हॅना ग्लास या इंग्रज बाईंचं पाककृतींचं पुस्तक 1747 मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं आणि पुढे पन्नासेक वर्षं इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत ते चाललं. त्यांची ‘रिबन जेली’ वाचताना मी थबकले. वासराचे पाय, हरणाच्या शिंगाचा कीस आणि माशाची पिशवी एकत्र उकळायची, पाणी पाचव्या हिश्शाइतकं उरेपर्यंत. एक अहोरात्र निवू द्यायची. मग रंग: लाल कोचिनील किड्यांचा, हिरवा पालकाचा, पिवळा केशराचा, निळा व्हायोलेट फुलांच्या पाकाचा, पांढरा दाट सायीचा. उंच पेल्यात एकेक रंग बोटभर जाडीचा ओतायचा. खालचा थर पुरता गार झाल्याशिवाय वरचा ओतायचा नाही, आणि वरचा अंगाइतकाच कोमट हवा, नाहीतर रंग मिसळतील. आजच्या नाताळच्या सॅलडमध्येही हाच नियम पाळावा लागतो. पालकाच्या जागी लाइमचं पाकीट आलं आणि सायीच्या जागी क्रीम चीज, हाताची कृती मात्र तीच राहिली.

मधल्या काळात हाडांमधून जिलेटिन काढून गोरगरिबांना खाऊ घालायचा एक मोठा प्रयोग झाला. प्रेशर कुकरचा पूर्वज बनवणाऱ्या डेनी पापँने सतराव्या शतकाच्या शेवटी वाफेच्या दाबाखाली हाडं मऊ करून दाखवली होती. पुढे फ्रान्समध्ये इस्पितळांत जिलेटिनचं सूप वाटलं जाऊ लागलं. शरीरशास्त्रज्ञ माजांदी यांच्या समितीने 1841 मध्ये अहवाल दिला की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीसुद्धा जगत नाहीत. ट्रिप्टोफॅन हा जरुरीचा अंश त्यात नसतो, हे कारण पुष्कळ पुढे कळलं. गरिबाचं पोषण करण्याचं काम जिलेटिनला जमलं नाही. त्याची जागा सणाच्या टेबलावरच होती.

जिलेटिन पुडीत आणायचं पहिलं श्रेय न्यूयॉर्कच्या पीटर कूपरचं. त्याचा सरसाचा कारखाना होता, आणि सरस आणि जिलेटिन ही एकाच हाडाकातड्याची भावंडं. नुसतं गरम पाणी घालून तयार होणाऱ्या जिलेटिनचं पेटंट त्याने 1845 मध्ये घेतलं. पण त्याचं मन रेल्वेइंजिनात, पोलादात आणि पुढे गरीब तरुणांसाठी काढलेल्या कूपर युनियन या संस्थेत होतं. जिलेटिनकडे त्याने फारसं पाहिलं नाही.

गोष्ट पुढे गेली ती न्यूयॉर्क राज्यातल्या दोन लहान गावांत. पहिलं जॉन्सटाउन. शेजारचं ग्लव्हर्सव्हिल हातमोज्यांच्या धंद्याचं गाव, त्यामुळे कातड्याची तिथे रेलचेल. बायको घरी जिलेटिन करायला किती खपते हे पाहून चार्ल्स नॉक्सने 1890 च्या सुमारास बिनसाखरेचं, बिनस्वादाचं जिलेटिन विकायला सुरुवात केली. तो 1908 मध्ये वारला. कारखाना विकून टाकावा असा सल्ला त्याच्या पत्नी रोझ नॉक्स यांना मिळाला. त्यांनी कारखाना स्वतः चालवायला घेतला. बायका कामगारांनी मागच्या दाराने यायचं असा तिथला रिवाज होता. रोझबाईंनी ते मागचं दार कायमचं बंद करून टाकलं आणि सगळ्यांना पुढच्या दाराने यायला सांगितलं. आठवड्याला पाच दिवस काम आणि पगारी रजा त्यांनी दिली, तीही ज्या काळात असं काही देण्याची कुणावर सक्ती नव्हती. जिलेटिन घेणारी बाईच आहे हे ओळखून त्यांनी जाहिरातींचा सगळा भर पाककृतींवर ठेवला.

दुसरं गाव लीरॉय. तिथे पर्ल वेट नावाचा सुतार घरी खोकल्याचं औषध आणि जुलाबाचा चहा बनवून विकायचा. औषधात चव मिसळण्याचा हात बसलेला असल्यामुळे 1897 मध्ये त्याने जिलेटिनमध्ये साखर आणि फळांचे अर्क मिसळले: स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, संत्रं, लिंबू. बायको मे हिने नाव ठेवलं ‘जेल-ओ’. विकायला मात्र त्याच्याकडे पैसाही नव्हता आणि कसबही. दोन वर्षांनी त्याने सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला 450 डॉलरना दिले. वुडवर्डलाही सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. त्याने आपल्या कारखान्याच्या देखरेख्याला हा धंदा अवघ्या 35 डॉलरना देऊ केला आणि त्याने नको म्हटलं, अशी गोष्ट लीरॉयमध्ये सांगतात. मग बग्ग्यांतून विक्रेते गावोगाव फिरले, दारोदार फुकट पाककृतींची पुस्तकं वाटली, मासिकांत जाहिराती दिल्या. 1902 मध्ये विक्री अडीच लाख डॉलरवर गेली. वेटच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही.

आता, गोड जेली सॅलडच्या पंगतीत कशी बसली? त्या काळी अमेरिकेत गृहशास्त्राची मोठी चळवळ होती. स्वयंपाक शास्त्रशुद्ध हवा, नीटनेटका हवा, मोजून मापून केलेला हवा. पानभर पसरणारी कच्ची भाजी या मंडळींना अस्ताव्यस्त वाटे. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू कॅसल गावच्या मिसेस जॉन कुक यांनी कोबी, सेलरी आणि लाल ढोबळी मिरची आंबटगोड जिलेटिनमध्ये घालून साच्यातून काढली आणि 1905 मध्ये नॉक्सच्या स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळवलं, एक शिवणयंत्र. त्या ‘परफेक्शन सॅलड’ची पाककृती देशभर गेली. पहिला आणि दुसरा नंबर कुणाचा होता हे आज कुणी विचारत नाही. याच दाराने फळं आत आली, मग मेयोनेज आली, मग क्रीम चीज, आणि जेली मुख्य जेवणात कायमची स्थिरावली.

फळं आली ती बहुतेक डब्यातून, आणि याला सोयीपलीकडचं कारण आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. कच्च्या पपईचा गर मटणाला चोळला की मटण लवकर शिजतं, ते पपईतल्या अशाच विकरामुळे. ताजा अननस घातलेली जेली कितीही वेळ ठेवली तरी पाणीच राहते. डब्यात भरताना अननस तापवला जातो, विकर मरतं, आणि जेली बिनधोक लागते. हवाईत जेम्स डोलने 1901 मध्ये अननसाची कंपनी काढली नसती तर पांढऱ्या थरात आज काय असतं कोण जाणे. फळं घालण्याची वेळही साधावी लागते. जेली कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकी दाटली की मगच घालायची. आधी घातली तर दाट पाकातली डब्यातली फळं तळाशी बसतात आणि सफरचंद, केळी वर तरंगतात.

या सॅलडचं नाताळशी जमलं, त्यात हवामानाचा वाटा मोठा. घरोघरी फ्रिज येण्याआधी जेली लावायची तर बर्फाची पेटी हवी. डिसेंबरात मात्र उत्तरेकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी मागची ओसरी फुकट थंड. क्रॅनबेरीचा हंगाम नुकताच संपलेला. विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्सच्या दलदलीतली ही आंबटढोण फळं कच्ची खाववत नाहीत, साखर आणि जेलीचा आधार मिळाला की उत्तम लागतात. शिवाय सणाच्या दिवशी एकुलता एक ओव्हन टर्कीने अडवलेला. आदल्या दिवशी करून ठेवता येईल असा रंगीत पदार्थ त्या घरच्या बाईला हवाच होता. 1930 मध्ये जेल-ओने लाइमचा स्वाद आणला आणि नाताळचा हिरवा रंगही पाकिटात मिळू लागला. त्याच दशकात जॅक बेनीच्या रेडिओ कार्यक्रमातून जेल-ओचं नाव घरोघरी ऐकू येऊ लागलं. महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं. ते उठल्यावर आलेल्या दोन दशकांत फ्रिज, टपरवेअरचे साचे आणि चर्चच्या तळघरातली पोटलक जेवणं (प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायची) यांनी या सॅलडला शिखरावर नेलं.

लीरॉयचा कारखाना 1964 मध्ये डेलावेअरला हलला. शहरी लोकांनी सॅलड सोडलं, पण चर्चचा एकोपा जिथे टिकला तिथे तेही टिकलं. युटामध्ये तर विधिमंडळाने 2001 मध्ये जेल-ओला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं.

मराठी माणूस अमेरिकेत पहिल्यांदा अशा पोटलकला जातो तेव्हा शाकाहारी घरांची अडचण याच भांड्यापाशी होते. फळांचं सॅलड म्हणून वाढून घेतलेला पदार्थ गाईच्या किंवा डुकराच्या हाडाकातड्याचा असतो, आणि सांगितल्याशिवाय ते कळायला मार्ग नसतो. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात मिळणारा चायना ग्रास, म्हणजे समुद्रशेवाळातला अगार, हा त्यावरचा जुना उपाय. प्रयोगशाळेत तो पोचला तोही स्वयंपाकघरातूनच. 1881 च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या जिलेटिनच्या ताटल्या उन्हाळ्यात वितळून जात. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसेची बायको फॅनी घरी अगारची फळजेली करायची. जावात राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून ती शिकली होती. तिने अगार सुचवला आणि तो आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. कॉखने लेखात अगारचा उल्लेख केला, तिचं नाव घेतलं नाही.

अगारचं तीन थरांचं सॅलड करायचं तर ग्लासबाईंचा नियम उलटा करावा लागतो. जिलेटिन तोंडातल्या उष्णतेने विरघळतं, म्हणून वरचा कोमट थर ओतला की खालच्याचा पृष्ठभाग किंचित वितळतो आणि दोन्ही जोडले जातात. अगार 35-40 अंशांना आवळतो, पण एकदा आवळला की 85 अंशांपर्यंत वितळत नाही. खालचा थर पुरता गार होऊ दिला तर वरचा त्याला धरत नाही, आणि वडी कापताना थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून खालच्यावर नुकती साय धरली, बोट टेकवलं तर चिकट लागतं आहे, तेवढ्यातच वरचा गरम रस पळीने हलके हलके सोडायचा. अगार प्रथिन नव्हे, साखरेच्या जातीची लांब साखळी आहे. अननसातल्या विकराचं तिच्यापुढे काही चालत नाही. ताजा अननस घातला तरी अगार आवळतोच.