धानाच्या मुलखात टकळी : वर्धा शिक्षणयोजना गोंदियातून पाहताना

ज्या मुलखात कापूस फारसा पिकत नाही, तिथल्या शाळेत मुलांच्या हाती टकळी का द्यावी? वर्ध्याच्या शिक्षणयोजनेकडे गोंदियातून पाहिले की हा प्रश्न सर्वांत आधी समोर येतो. मित्रहो, आजचा धागा त्याविषयी.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि केंद्रस्थानी एक हस्तव्यवसाय, असा तिचा गाभा. तपशील ठरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिचे वेळापत्रक मुळातून पाहण्याजोगे आहे. शाळा साडेपाच तासांची, आणि त्यांतले ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाला! मातृभाषेला ४० मिनिटे. शाळेचे दिवस वर्षाला २८८.

मात्र हस्तव्यवसाय हा इथे इतर विषयांच्या शेजारी बसवलेला आणखी एक विषय नव्हे. सूत मोजताना गणित यावे, कापसाच्या निमित्ताने जमीन आणि हवामान यावे, कापडाच्या निमित्ताने कंपनी सरकारचा इतिहास यावा, अशी ती कल्पना होती. तिला समवाय म्हणत.

खरा वाद पेटला तो पैशावरून. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन निघावे, अशी गांधीजींची अपेक्षा होती. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली : शाळेचा माल बाजारात आला, तर गावच्या कारागिराने कोणाशी स्पर्धा करायची? कमाईच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडू नये, असा इशारा खुद्द समितीच्या अहवालातही आहे. माझ्या मते हा इशारा योजनेतील सर्वांत प्रामाणिक भाग होय.

त्या काळी ‘हाताचे शिक्षण’ साम्राज्यालाही प्रिय होते. आफ्रिकेतील वसाहतींसाठी ब्रिटिश सरकारने १९२५ साली जे शिक्षणधोरण जाहीर केले, त्यातही शिक्षण स्थानिक लोकांच्या व्यवसायांशी व परंपरांशी जुळते असावे असेच म्हटले होते. पॅसिफिकमधील बेटांवरच्या गावशाळांतही चटया विणणे, बागकाम यांना अशाच विचाराने जागा मिळाली. पण राज्यकर्ता जेव्हा प्रजेच्या मुलाला ‘तुझ्या जोगे’ शिक्षण देतो, तेव्हा त्याला आहे तिथेच ठेवण्याचा हेतू त्यात किती, ही शंका रास्तच ठरते.

आपल्याकडे या शंकेला जातीचा पदर आहे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ पासून). हा धानाचा, तलाव-बोड्यांचा आणि बांबूचा प्रदेश. सुपे-टोपल्या बुरुडांनी विणायच्या, मासेमारी ढिवरांनी करायची, कापड कोष्ट्यांनी काढायचे; कौशल्य होते, पण ते जन्माने वाटलेले. बुरुडाच्या मुलाला शाळेतही बांबूच दिला, तर त्याने शाळेत यावे कशाला? उलट, मालगुजाराच्या मुलाने त्याच्या शेजारी बसून सुपे विणले असते, तर मात्र काहीतरी हलले असते. योजनेची ताकद या दुसऱ्या शक्यतेत होती.

अहवालाने टकळीचीच सक्ती केलेली नव्हती, हेही लक्षात घ्यावे. सुतारकाम, शेती, फळ-भाजी बागकाम, चर्मकाम, आणि स्थानिक परिस्थितीला अनुकूल असा कोणताही व्यवसाय, अशी मोकळीक होती. व्यवहारात मात्र ‘बुनियादी शाळा’ म्हटले की सूतच आठवे. साधन स्वस्त, मोजमाप सोपे, आणि खादीला राष्ट्रीय चळवळीचे वलय.

आपल्या प्रांतात याच सुमारास रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा तिचा पाया. धानाच्या मुलखाला ही रचना टकळीपेक्षा जवळची होती. पण ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम समाजात तीव्र नाराजी उमटली, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडल्यावर राजकीय पाठबळच गेले.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा हळूहळू सामान्य शाळांत विरल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. त्याचे आपल्या वेळापत्रकातील स्थान तुम्हाला ठाऊकच आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, स्थानिक सुतार, माळी, कुंभार इत्यादींच्या हाताखाली. गोंदियात त्या ‘इत्यादीं’त बुरुड आणि ढिवर येतात का, आणि आले तर शिक्षकाच्या खुर्चीवर बसतात की वऱ्हांड्यात, हे आता पाहायचे.